मोबाईलवरील चित्रफीत : दोष कोठे शोधावा?

पावसाळ्यातील एखाद्या संध्याकाळी सत्तरी किंवा सांगे तालुक्यातील वाड्यावाड्यांतून फिरणाऱ्यास एक दृश्य हमखास दिसते. घराच्या बलकावावर बसलेला शाळकरी मुलगा मोबाईल हातात धरून आहे, पडद्यावर गणिताचा पाठ आहे, आणि त्या पाठावर एक लहानसे वर्तुळ गरगर फिरत आहे. वर्तुळ थांबते तेव्हा चित्र सुरू होते खरे. परंतु फळ्यावरील ३ आहे की ८ हे कळत नाही. मुलगा मोबाईल उंच धरतो, अंगणात जातो, पुन्हा आत येतो. अखेर आईवडील म्हणतात, "मोबाईलच जुना झाला, नवा घ्यायला हवा." पुष्कळदा तो घेतलाही जातो. आणि वर्तुळ पूर्ववत फिरत राहते.

चित्रफितीचा दर्जा हा केवळ करमणुकीचा प्रश्न राहिलेला नाही. २०२० साली टाळेबंदीत शाळा बंद झाल्या, तेव्हा सांगे तालुक्यातील डोंगराळ भागातील विद्यार्थ्यांना संपर्क मिळावा म्हणून टेकडीवर चढून बसावे लागले, ही गोष्ट त्या वेळी देशभर गाजली. शाळा पुन्हा भरू लागल्यानंतरही पाठ, शिक्षकांची प्रशिक्षणे, शेतीविषयक प्रात्यक्षिके आणि कार्यालयीन बैठका मोबाईलच्या पडद्यावर येत राहिल्या आहेत. दोष कोठे आहे हे न समजल्यामुळे ग्रामीण कुटुंबे नवे यंत्र किंवा मोठा रिचार्ज यांवर विनाकारण खर्च करतात. तो टाळण्यासाठी चित्र मोबाईलपर्यंत कसे पोचते, हे आधी समजावून घेणे इष्ट ठरेल.

चित्र येते कसे?

दूरदर्शनचे चित्र सर्वांना एकसारखे मिळते. मोबाईलवरील चित्रफितीचे तसे नाही. प्रसारण करणाऱ्या सेवेकडे एकाच चित्रफितीच्या अनेक प्रती निरनिराळ्या दर्जांच्या तयार असतात. १४४, २४०, ३६०, ४८०, ७२०, १०८० हे जे आकडे अॅपच्या यादीत दिसतात, ते चित्रातील आडव्या ओळींचे होत. ओळी जितक्या अधिक, तितके चित्र रेखीव आणि तितकाच डेटाचा खर्च अधिक. या प्रत्येक प्रतीचे काही सेकंदांचे लहान लहान तुकडे केलेले असतात. मोबाईलमधील अॅप एक तुकडा मागविते, तो किती वेळात आला हे पाहते, आणि त्यावरून पुढचा तुकडा कोणत्या प्रतीतील मागवावा हे ठरविते. वेग घटला की हलक्या प्रतीतील तुकडा येतो व चित्र धूसर होते. वेग वाढला की चित्र पुन्हा उजळते. तेव्हा धूसर चित्र हा दर वेळी बिघाड नसतो. पुष्कळदा ती अॅपने केलेली तडजोड असते.

यास दुसरी जोड साठ्याची. नळाला पाणी कमी-अधिक दाबाने येते म्हणून घरात पिंप भरून ठेवावे, त्याप्रमाणे अॅप पुढचे काही तुकडे आधीच आणून ठेवते. पिंप रिकामे झाले की वर्तुळ फिरू लागते. ध्वनिचित्रमुद्रित पाठाच्या वेळी हा साठा बराच असतो. थेट प्रसारणात मात्र पुढचे चित्र अद्याप तयारच झालेले नसल्यामुळे साठा अगदी थोडा राहतो. एकाच गावात, एकाच मोबाईलवर मुद्रित पाठ सुरळीत चालतो आणि थेट वर्ग अडखळतो, याचे कारण हेच.

लक्षणांवरून निदान

वैद्य औषध देण्यापूर्वी नाडी पाहतो. येथेही प्रथम लक्षण पाहावे. चित्र धूसर परंतु अखंड असेल, तर वेग कमी आहे किंवा कोठेतरी दर्जावर मर्यादा घातलेली आहे. चित्र स्वच्छ परंतु मध्येच थांबत असेल, तर बहुधा कोणीतरी ७२० किंवा १०८० चा दर्जा हाताने कायम करून ठेवलेला असतो आणि अॅपला तडजोड करण्याची मुभाच उरलेली नसते. अशा वेळी दर्जा पुन्हा 'ऑटो'वर ठेवावा. आवाज सलग येत असून चित्र मात्र हिसके देत पुढे सरकत असेल, तर दोष संपर्काचा नसून मोबाईलच्या शक्तीचा असण्याची शक्यता अधिक. आणि इतर सर्व अॅप्सवर चित्र उत्तम असून एकाच अॅपवर ते धूसर असेल, तर मनोरा आणि मोबाईल दोघांनाही दोष देण्याचे कारण नाही.

यानंतर दोन सोप्या परीक्षा कराव्यात. त्याच जागी, तीच चित्रफीत, दुसऱ्या कंपनीचे सिम असलेल्या शेजाऱ्याच्या मोबाईलवर लावून पाहावी. त्यानंतर आपलाच मोबाईल घेऊन दोनशे पावले उघड्यावर जावे आणि तेथे तीच चित्रफीत पाहावी. शेजाऱ्याचे चित्र स्वच्छ दिसले तर प्रश्न कंपनीचा किंवा यंत्राचा, उघड्यावर आपले चित्र सुधारले तर जागेचा, आणि दोन्हीकडे चित्र सारखेच वाईट राहिले तर मनोऱ्यावरील गर्दीचा संशय घ्यावा. या दहा मिनिटांच्या खटपटीने नव्या मोबाईलचा खर्च वाचल्याची उदाहरणे कोणत्याही गावात सापडतील.

वेगाचे आणि डेटाचे गणित

येथे थोडे गणित अपरिहार्य आहे. शिक्षकांनी ते वर्गात घेतले तरी चालण्याजोगे आहे. वेग मोजतात मेगाबिटमध्ये आणि डेटाचा साठा मोजतात मेगाबाइटमध्ये. ८ बिटांचा १ बाइट होतो. सेकंदाला १ मेगाबिट वेगाने येणारी चित्रफीत (४८० च्या दर्जास साधारणपणे एवढा वेग पुरतो) तासाभरात ३,६०० मेगाबिट, म्हणजे ४५० मेगाबाइट डेटा खर्च करते. ७२० च्या दर्जासाठी सुमारे अडीच मेगाबिट धरले, तर तोच तास ११२५ मेगाबाइटांवर जातो. रोज दीड जीबी मिळणाऱ्या योजनेत ४८० च्या दर्जाने सव्वातीन तासांहून थोडे अधिक पाहता येते, तर ७२० च्या दर्जाने जेमतेम एक तास वीस मिनिटे.

दिवसाचा डेटा संपला की संपर्क तुटत नाही. बहुतेक दैनिक योजनांत तो सेकंदाला ६४ किलोबिटपर्यंत मंदावतो. पडद्यावर सिग्नलच्या उभ्या रेघा पूर्ण दिसतात, संदेश जातात-येतात, म्हणून दोष कळत नाही. परंतु ४८० च्या दर्जाचा दहा मिनिटांचा पाठ या वेगाने उतरण्यास दोन तास छत्तीस मिनिटे लागतील. सकाळी ठीक चालणारे चित्र रोज रात्रीच बिघडत असेल, तर सर्वप्रथम कंपनीच्या अॅपमध्ये उरलेला डेटा पाहावा. घरातील मुलाने दुपारी पाहिलेल्या क्रिकेटची वसुली रात्री वडिलांच्या बातम्यांतून होत असते.

दर्जाचा हट्ट कितपत धरावा, हाही विचार व्हावयास हवा. हाताएवढ्या पडद्यावर चेहरे, निसर्गदृश्ये, भाषणे यांसाठी ४८० पुष्कळ झाले. १०८० चा आग्रह म्हणजे डेटाची उधळपट्टी होय. मार्च २०२० मध्ये देशभर घरी बसलेल्या लोकांमुळे जाळ्यावर ताण आला, तेव्हा प्रमुख चित्रफीत सेवांनी मोबाईल संपर्कावरील दर्जा १४ एप्रिलपर्यंत ४८० च्या आत ठेवण्याचे मान्य केले होते. अपवाद अक्षरांचा. फळ्यावरील गणित, नकाशातील नावे, औषधाच्या बाटलीवरील मात्रा वाचावयाची असेल, तर ७२० ला पर्याय नाही. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये मोबाईल संपर्क आणि वायफाय यांसाठी दर्जाची पसंती वेगवेगळी ठेवता येते. तेथे 'डेटा सेव्हर' निवडलेला राहून गेला असल्यास उत्तम संपर्कावरही चित्र धूसरच येणार, हे ध्यानात असावे.

मनोरा, डोंगर आणि जांभ्याची भिंत

मोबाईलच्या लहरी सर्व एका जातीच्या नसतात. ७००, ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्‌झच्या लहरी दूरवर जातात, भिंतीतूनही बऱ्यापैकी आत शिरतात. पण त्यांच्या वाट्याला आलेला पट्टा अरुंद असल्याने एकाच वेळी थोड्यांचीच सोय होते. २३०० किंवा ३५०० मेगाहर्ट्‌झचा पट्टा रुंद व वेगवान. मात्र त्याच्या लहरी डोंगर, ओली झाडी आणि जाड भिंत यांपुढे लवकर हार मानतात. गोव्यातील जुनी घरे जांभ्या दगडाच्या जाड भिंतींची. कुळागरे तर दोन डोंगरांमधील खोलगट जागेत, माडापोफळींच्या दाट छायेत. मनोरा मात्र बहुधा हमरस्त्याजवळ असतो. अशा घराच्या आतल्या खोलीत मोबाईल दूरवर पोचणारा परंतु अरुंद पट्टा धरतो. बोलणे होते, चित्र मात्र अडखळते. उपाय साधा आहे : मनोऱ्याच्या बाजूच्या खिडकीत, शक्यतो वरच्या मजल्यावर बसावे. दोन-तीन हातांच्या अंतरानेही पुष्कळ फरक पडतो.

सिग्नलच्या उभ्या रेघांवर फारसे विसंबू नये. त्यांचे माप प्रत्येक कंपनीचा मोबाईल आपापल्या मर्जीने ठरवितो. बहुतेक अँड्रॉइड मोबाईलच्या सेटिंगमध्ये 'अबाउट फोन' या विभागात सिमच्या स्थितीखाली सिग्नलची शक्ती डीबीएममध्ये दिलेली असते. हा आकडा उणे असतो व शून्याकडे जितका झुकेल तितका चांगला. ४जी संपर्कात उणे ८५ च्या आसपासचा सिग्नल चांगला, आणि उणे ११० च्या खालचा दुर्बळ समजावा. घरातील निरनिराळ्या जागी हा आकडा टिपून घेतला, तर मुलांच्या अभ्यासाची जागा कोणती असावी हे अंदाजावर सोडावे लागत नाही.

आकडा चांगला असूनही वेग मिळत नसेल, तर गर्दी हे कारण. मनोऱ्याची क्षमता त्याच्या कक्षेतील सर्वांत वाटली जाते. रात्री आठ ते अकरा हा सर्वत्र गर्दीचा काळ. जत्रा, कालोत्सव किंवा लग्नसराईत तो दिवसभर असतो. आवश्यक पाठ पहाटे किंवा दुपारी उतरवून ठेवणे हा यावरील सर्वांत स्वस्त उपाय होय. 'दीक्षा' या शैक्षणिक अॅपवर, तसेच यूट्यूबवरील बऱ्याचशा चित्रफितींसाठी, अशी सोय उपलब्ध आहे. आणखी एक लहानशी युक्ती अशी की, मोबाईल काही क्षण 'एअरप्लेन मोड'मध्ये ठेवून परत पूर्ववत करावा. त्यामुळे तो नव्याने मनोरा शोधतो. ५जीच्या कक्षेच्या काठावरील गावांत मोबाईल ५जी आणि ४जी यांमध्ये सारखा येरझारा घालतो व दर फेरीस चित्र अडते. तेथे सेटिंगमध्ये केवळ ४जी निवडल्यास वेग कागदावर घटतो, पण चित्र स्थिर होते. दोन सिमांच्या मोबाईलमध्ये डेटा नको त्या सिमवरून तर जात नाही ना, हेही पाहून घ्यावे. ही चूक वाटते त्याहून अधिक घरांत आढळते.

घरचे व शाळेचे वायफाय

फायबरची जोडणी आली म्हणजे प्रश्न सुटला, अशी समजूत आहे. वास्तविक फायबर राऊटरपर्यंत येते. तेथून पुढे पुन्हा लहरीच. तो राऊटर कोपऱ्यात, जमिनीलगत, लोखंडी कपाटाच्या मागे ठेवला जातो, कारण तार तेथे पोचली! राऊटर घराच्या मध्यभागी, माणसाच्या उंचीवर आणि उघड्यावर असावा. बहुतेक नव्या राऊटरांना दोन पट्टे असतात. २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा दूर जातो पण शेजाऱ्यांच्या राऊटरांची आणि मायक्रोवेव्ह शेगडीची त्यास बाधा होते. ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा वेगवान पण त्याच खोलीपुरता. राऊटरसमोर बसून पाहणाऱ्याने दुसरा निवडावा, दोन भिंतींपलीकडच्याने पहिला.

शाळांच्या बाबतीत गणित निराळे आहे. सेकंदाला ३० मेगाबिटची जोडणी असलेल्या शाळेत ३० विद्यार्थ्यांनी एकाच वेळी तीच चित्रफीत आपापल्या यंत्रावर लावली, तर प्रत्येकाच्या वाट्यास फार तर १ मेगाबिट येतो. तोच पाठ एका मोठ्या पडद्यावर लावला तर अडीच मेगाबिटांत सर्वांचे काम भागते, चित्रही स्वच्छ दिसते. ज्या वाड्यावर कोणत्याच कंपनीचा संपर्क पोचत नाही, तेथील पालकांना पीएम ई-विद्येच्या शैक्षणिक वाहिन्यांचा उपयोग आहे. त्या छपरावरील डिश अँटेनातून येतात, त्यास मोबाईलचा मनोरा लागत नाही.

यंत्राचे आणि परवानगीचे दोष

मोबाईलचा स्वतःचा दोष असतोच, पण तो शेवटी पाहावा. साठवणीची जागा पूर्ण भरलेली असणे, बॅटरी बचतीची योजना चालू राहणे, पाठीमागे इतर अॅप्सची नवी आवृत्ती उतरत असणे, ही नेहमीची कारणे. उन्हात धरलेला किंवा चार्जिंगला लावलेला मोबाईल तापतो. तापला की तो स्वतःच आपली गती कमी करतो आणि चित्र हिसके देऊ लागते. जाड आवरण काढून, पंख्याखाली ठेवून दहा मिनिटे विश्रांती दिल्यास फरक कळतो. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' नावाची सोय सुरू करता येते. हे नाव पाहून बिचकण्याचे कारण नाही. चित्रफीत चालू असताना ती पडद्यावर जोडणीचा वेग, शिल्लक साठा आणि गळालेल्या चित्रांची संख्या दाखविते. साठा भरपूर असून चित्रे गळत असतील, तर दोष यंत्राचा. साठा शून्याकडे जात असेल, तर संपर्काचा.

एक कारण मात्र दुकानदारही सहसा सांगत नाही. चित्रपट व मालिका दाखविणाऱ्या सेवा चोरी होऊ नये म्हणून चित्र कुलूपबंद करून पाठवितात. अँड्रॉइड मोबाईलमध्ये या कुलपाची व्यवस्था 'वाइडवाइन' या नावाने ओळखली जाते व तिच्या पायऱ्या आहेत. 'एल १' पायरीच्या यंत्रावर उच्च दर्जाचे चित्र मिळते. केवळ 'एल ३' असलेल्या यंत्रावर बऱ्याच सेवा ४८० च्या वर जातच नाहीत, मग संपर्क कितीही उत्तम असो. नेटफ्लिक्सच्या अॅप सेटिंगमध्ये ही पायरी लिहिलेली सापडते. नवा स्वस्त मोबाईल घेताना दुकानातच ती पाहून घेणे शहाणपणाचे. मोबाईलची मूळ प्रणाली बदलण्यासाठी त्याचे बूटलोडर खुले केल्यास 'एल १' यंत्राची घसरणही 'एल ३' वर होऊ शकते. याखेरीज काही सेवांच्या केवळ मोबाईलसाठीच्या स्वस्त वर्गणीत ४८० ही कमाल मर्यादाच असते. तेथे दुरुस्ती करण्यासारखे काही नाही.

शिक्षकांनी पाठविलेल्या चित्रफिती

कित्येकदा चित्र पाहणाऱ्याकडे नव्हे, तर पाठविणाऱ्याकडे बिघडते. शिक्षक पाठ चित्रित करून व्हॉट्सअॅपवरून पालकांना पाठवितात. हे अॅप डेटा वाचविण्यासाठी चित्रफीत दाबून लहान करते आणि फळ्यावरील अक्षरे फिसकटतात. तीच फीत पुढे इतर गटांत फिरते तेव्हा ती उत्तम संपर्कावरही वाचता येत नाही. पाठविताना 'एचडी'चा पर्याय निवडावा, किंवा फीत 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी. दुसऱ्या रीतीने ती जशीच्या तशी जाते, आणि २ जीबीपर्यंतची फाइल चालते. परंतु मोठी फाइल म्हणजे पालकाच्या डेटावर भार, हे विसरून चालणार नाही. म्हणून तासाभराच्या पाठाचे दहा-दहा मिनिटांचे भाग करावेत. मोबाईल आडवा व स्थिर ठेवावा, उजेड फळ्यावर पडेल असे पाहावे, अक्षर ठसठशीत काढावे. अंधाऱ्या वर्गात हलत्या हाताने घेतलेले चित्र दाबले गेल्यावर अधिकच खराब होते, कारण प्रत्येक क्षणी बदलणारे चित्र थोड्या डेटात बसत नाही. स्थिर फळा व मोठे अक्षर असेल, तर ३६० च्या दर्जातही पाठ वाचता येतो.

बूस्टर नको, तक्रार हवी

सिग्नल वाढविण्यासाठी बाजारात मिळणारे बूस्टर परवान्याविना बसविणे कायद्याने वर्ज्य आहे. ते एका घराचा सिग्नल वाढविताना मनोऱ्याच्या कामात गोंगाट मिसळतात आणि आजूबाजूच्या साऱ्या वाड्याचा संपर्क बिघडवितात. वेग दुप्पट करण्याचे आश्वासन देणारी अॅप्स बहुधा जाहिराती दाखविण्यापलीकडे काही करीत नाहीत.

इतके करूनही चित्र सुधारले नाही, तर कंपनीकडे तक्रार हा ग्राहकाचा हक्क आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या 'मायस्पीड' या अॅपवर तीन-चार दिवस, सकाळ-संध्याकाळ वेग मोजावा व तारीख, वेळ, जागा यांसह टिपून ठेवावा. केंद्र शासनाने २०२३ च्या आरंभी ब्रॉडबँडच्या व्याख्येतील किमान वेग ५१२ किलोबिटवरून २ मेगाबिटवर नेला; टिपलेला वेग या मापाशी ताडून पाहता येईल. तक्रार १९८ या क्रमांकावर नोंदवावी आणि तिचा नोंदणी क्रमांक अवश्य मागून घ्यावा. निवारण झाले नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. एकट्याच्या तक्रारीपेक्षा वाड्यावरील दहा घरांनी आपापल्या नोंदी जोडून केलेल्या तक्रारीतून दोष घराचा नसून मनोऱ्याचा आहे, हे उघड होते. असा अर्ज पंचायतीमार्फतही पाठविता येतो. क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलावयाची असल्यास १९०० या क्रमांकावर संदेश पाठवून सुरुवात करावी लागते. त्यापूर्वी ज्या कंपनीकडे जावयाचे तिचे सिम असलेला मोबाईल एका संध्याकाळी आपल्याच बलकावावर आणून, मुलाचा गणिताचा पाठ त्यावर लावून पाहावा.